शून्याचा सोस

एक ग्रॅम कोरडं माशांचं खाद्य म्हणजे जेमतेम अर्धा चमचा. सागरी माशांच्या बऱ्या प्रतीच्या खाद्यात प्रथिनं साधारण ४५ टक्के असतात आणि फॉस्फरस एक टक्क्याच्या आसपास. प्रथिनाच्या वजनाचा सुमारे १६ टक्के भाग नायट्रोजन असतो. म्हणजे त्या अर्ध्या चमच्यात ७२ मिलिग्रॅम नायट्रोजन आणि १० मिलिग्रॅम फॉस्फरस आला. मासा ते खातो, पचवतो, बाहेर टाकतो. उरलंसुरलं जिवाणू कुजवतात. सगळंच्या सगळं पाण्यात उतरलं असं धरलं तर सुमारे ३२० मिलिग्रॅम नायट्रेट आणि ३० मिलिग्रॅम फॉस्फेट तयार होतं. टाकी २०० लिटरची असेल तर लिटरमागे नायट्रेट १.६ मिलिग्रॅमनं चढलं आणि फॉस्फेट ०.१५ नं. घरी प्रवाळांची टाकी सांभाळणाऱ्याला यातला दुसरा आकडा दचकवतो. मीटरवर ०.१५ दिसलं की तो फॉस्फेट शोषणारी पावडर आणायला दुकानात पळतो, आणि इथे तर तेवढं फॉस्फेट एका संध्याकाळच्या अर्ध्या चमच्यात आलं.

हा हिशेब आधी मांडण्याचं कारण असं, की रीफ टँकमधल्या शेवाळाबद्दल जे काही बोललं जातं त्यातलं निम्मं-अधिक बोलणं एका क्षणाच्या आकड्याबद्दल असतं. आज नायट्रेट किती, फॉस्फेट किती, आणि ते शून्यावर कसं आणायचं. काचेवर हिरवी साय धरली, दगडावर केसाळ शेवाळ डोलायला लागलं, की पाण्यात ‘खत’ जास्त झालं आणि खत काढलं की तण मरेल, असा सरळ तर्क. तो शेतातल्या तणाच्या बाबतीतही पुरता खरा नाही, टाकीच्या बाबतीत तर नाहीच. माझं म्हणणं एवढंच आहे, की टाकीला शेवाळापेक्षा शून्याच्या हट्टानं जास्त इजा होते. पोषकद्रव्यं थोडी, पण सतत असावी लागतात; आणि शेवाळाचा बंदोबस्त मीटरपेक्षा तोंडं जास्त करतात. तोंडं म्हणजे गोगलगाई, समुद्री साळू, टँग जातीचे मासे. या म्हणण्यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत.

आधी त्या अर्ध्या चमच्याचं पुढे काय होतं ते पाहू. खाद्यातल्या नायट्रोजनला टाकीबाहेर पडायला एक आयती खिडकी आहे. माशांचा अमोनिया जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. सच्छिद्र दगडाच्या पोटात किंवा वाळूच्या जाड थरात जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, तिथे दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. फॉस्फरसला अशी खिडकी नाही. त्याचा वायू होत नाही. तो कोणाच्या तरी शरीरात जाईल, स्किमर नावाच्या फेस काढणाऱ्या यंत्राच्या पेल्यात पडेल, बदललेल्या पाण्याबरोबर मोरीत जाईल, नाहीतर दगडाला चिकटून बसेल. प्रवाळी दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याला फॉस्फेटची ओढ आहे. पाण्यात फॉस्फेट वाढलं की दगड ते धरून ठेवतो, पाण्यात घटलं की हळूहळू परत सोडतो. फॉस्फेट शोषणारे फेरिक ऑक्साइडचे विटकरी दाणे टाकले की आकडा दोन दिवसांत पडतो आणि आठवड्यानं पुन्हा वर येतो, तो याच कारणानं. दाणे ‘बोगस निघाले’ म्हणून दुकानदाराला दोष दिला जातो. प्रत्यक्षात दगड जुनी उधारी फेडत असतो.

आल्फ्रेड रेडफिल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९३४ साली दाखवलं, की खुल्या समुद्रातल्या प्लवकांच्या शरीरात आणि खोल पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरसचं प्रमाण जवळपास सारखंच असतं. पुढे ते कार्बन १०६, नायट्रोजन १६, फॉस्फरस १ असं रूढ झालं. हे अणूंचं प्रमाण. टाकीवाल्याच्या भाषेत, म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेटच्या वजनात, ते साधारण दहास एक होतं. आता वरचा चमचा पुन्हा बघा: ३२० ला ३०. खाद्य हे मुळात कोणाचं तरी शरीरच असल्यामुळे ते समुद्राचंच प्रमाण घेऊन येतं. मग टाकीत ते बिघडतं कुठे? बाहेर पडण्याच्या वाटांवर. चांगला सच्छिद्र दगड नायट्रेट खाऊन टाकतो आणि फॉस्फेट मागे साचतं. उलट कोणी विटकरी दाणे सढळ हातानं ओतले, की फॉस्फेट संपतं आणि नायट्रेट तसंच राहतं. जिवाणू वाढवण्यासाठी व्होडका किंवा व्हिनेगरचे थेंब टाकण्याची पद्धत आहे. तीही दोन्ही पोषकद्रव्यं बरोबर असतील तोवरच चालते, एक संपलं की जिवाणूंची वाढ थांबते आणि थेंबांतला कार्बन भलत्याच जिवाच्या तोंडी पडतो. लाल चिकट साय धरते ती पुष्कळदा अशा वेळी. हे प्रमाण मात्र देव्हाऱ्यात बसवू नये. रेडफिल्डनं समुद्राची सरासरी सांगितली होती, टाकीचं औषधपत्रक लिहून दिलं नव्हतं. नायट्रेट ४० आणि फॉस्फेट ४ हेही दहास एकच, पण त्या पाण्यात नाजूक प्रवाळ ठेवायला कोणी सांगणार नाही.

शून्य हा आकडाच मुळात फसवा आहे. मीटर सांगतो ते पाण्यात या घडीला काय उरलं आहे तेवढंच. किती आलं आणि किती खाल्लं गेलं, हे त्याला दिसत नाही. दगडभर केसाळ शेवाळ माजलेल्या टाकीत नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्य येणं ही नेहमीची गोष्ट आहे, कारण जे येतं ते शेवाळ तिथल्या तिथे ओढून घेतं. वाण्याच्या गल्ल्यात संध्याकाळी पन्नास रुपये दिसले म्हणून दिवसभर गिऱ्हाईक आलंच नाही असं कोणी म्हणत नाही. टाकीबद्दल मात्र आपण सर्रास तसं म्हणतो. त्यात मीटरची स्वतःची चूक. घरगुती वापरातल्या चांगल्या फॉस्फेट मीटरवरही उत्पादक ०.०२ इतकी कमी-जास्त चूक कबूल करतात. म्हणजे ०.०३ हा आकडा खरा ०.०१ असू शकतो आणि ०.०५ ही. काचेच्या कुपीवर बोटाचा ठसा राहिला तरी वाचन हलतं. अशा आकड्याच्या तिसऱ्या अंकावरून रात्रीची झोप घालवणारे लोक आहेत.

आता शून्य खरोखर गाठलं तर काय होतं ते पाहू. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवालं भाड्यानं राहतात. प्रकाशावर साखर करून ती मालकाला देतात आणि त्याच्या टाकाऊतून नायट्रोजन-फॉस्फरस घेतात. प्रवाळाचा बहुतेक संसार याच भाड्यावर चालतो. इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठातल्या यॉर्ग वीडेनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं, की नायट्रेट मुबलक आणि फॉस्फेटची उपासमार अशा पाण्यातले प्रवाळ उष्णता आणि प्रखर प्रकाश सोसू शकत नाहीत. भाडेकरू शैवालं नायट्रेटच्या जोरावर वाढत राहतात, पण पेशींची पटलं बांधायला फॉस्फरस कमी पडतो, ती कच्ची राहतात, आणि प्रवाळ पांढरे पडतात. त्याच प्रयोगशाळेच्या २०१७ च्या कामातही फॉस्फेटचा तुटवडा हाच मोठा गुन्हेगार ठरला. घरच्या टाकीत शक्तिशाली एलईडी दिवे, एप्रिल-मेची उष्णता आणि विटकरी दाण्यांची रेलचेल या तिन्ही गोष्टी एकत्र येतात, तेव्हा हाच प्रयोग नकळत होतो. फांद्यांची टोकं पांढरी पडायला लागतात आणि मालक समाधानानं म्हणतो, फॉस्फेट तर शून्य आहे.

दुसरी आपत्ती याहून किळसवाणी. सगळं ‘स्वच्छ’ झालेल्या टाकीत वाळूवर तपकिरी, शेंबडासारखे धागे पसरतात, त्यात हवेचे बुडबुडे अडकलेले असतात, रात्री ते विरतात आणि दिवे लागल्यावर दुपारपर्यंत परत येतात. हे डायनोफ्लॅजेलेट. गंमत म्हणजे प्रवाळाचे भाडेकरू याच कुळातले. एक घरात राहून भाडं देतो, दुसरा अंगणात दंगा करतो. त्यातल्या ऑस्ट्रिऑप्सिस वंशाच्या काही जाती विषारी असतात आणि त्यांच्यावर चरायला गेलेल्या गोगलगाई मरून पडतात. पोषकद्रव्यं तळाला गेलेल्या टाकीत हे प्रकरण वरचेवर उद्भवतं, असा छंदिष्टांचा जगभरचा अनुभव आहे. नेहमीचे प्रतिस्पर्धी उपाशी मरतात आणि हे तगून राहतात. अशा वेळी बरेच जाणते लोक सोडियम नायट्रेट आणि फॉस्फेट मोजून टाकीत घालतात. आधी पैसे देऊन काढलेलं पुन्हा पैसे देऊन घालायचं. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगायला लागतो म्हणून त्याच्यावर अतिनील दिव्याची नळी चालते. वाळूतच राहणाऱ्या प्रकारांवर ती चालत नाही. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब पाहिल्याशिवाय उपाय सुरू करणं म्हणजे आंधळी कोशिंबीर. ‘शेवाळ’ या एका शब्दाखाली आपण डायटम, जिवाणू, हिरवी शैवालं आणि हे डायनो असे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले जीव कोंबतो, हे अर्धं दुखणं भाषेचंच आहे.

पहिला आक्षेप इथे येतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. समुद्रातल्या निरोगी प्रवाळभिंतीवरच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे मिलिग्रॅमचा एखादा अंश आणि फॉस्फेट शंभराव्या भागाच्या घरात असतं. निसर्गच जवळपास शून्यावर चालतो, मग टाकीनं का चालू नये? उत्तर असं, की समुद्रात शिल्लक कमी असते, आवक नव्हे. भिंतीवरून दिवसरात्र पाणी वाहतं, त्यातून प्लवकांचा, कणांचा, माशांच्या विष्ठेचा अखंड पुरवठा होतो, आणि प्रत्येक कण कोणीतरी झडप घालून उचलतो. स्पंज विरघळलेला सेंद्रिय माल शोषून त्याचे कण करून खेकड्या-गोगलगाईंना परत पुरवतात, हे २०१३ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या कॅरिबियनमधल्या संशोधनानं दाखवलं. म्हणजे गल्ला रिकामा, पण उलाढाल प्रचंड. टाकीत मूठभर मासे, थोडं गोठवलेलं खाद्य, आणि कोणी कण उचलण्याआधीच ते गाळून टाकणारे गाळणीचे मोजे आणि स्किमर. इथे शिल्लकही शून्य आणि आवकही नाही. शून्य आकडा दोन्हीकडे सारखाच दिसतो, पण एक व्यापाऱ्याचा आणि दुसरा दिवाळखोराचा.

छंदाचा इतिहासही हेच सांगतो. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली जिवंत दगड, समुद्राचं पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगवल्याचं लिहिलं. पुढे जर्मनीत जिवंत दगडाला जोरदार स्किमरची जोड मिळाली आणि ती ‘बर्लिन पद्धत’ झाली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी उलटी वाट धरली. शेवाळ नको ना, मग ते टाकीबाहेरच्या जाळीवर मुद्दाम वाढवा आणि कापून फेका. आज टाकीखालच्या संपमध्ये चीटोमॉर्फा या शेवाळाचा गुंता रात्रीच्या दिव्याखाली वाढवतात तो याच विचाराचा घरगुती अवतार. पद्धती वेगळ्या, पण यातल्या कोणाचाच भर पाणी कोरं करण्यावर नव्हता. आलेलं कोणाच्या तरी अंगात घालून बाहेर काढण्यावर होता.

पण कोणाच्या अंगात घालायचं? इथे तोंडांचा मुद्दा येतो. जमैकाच्या प्रवाळभिंतींचं काय झालं ते टेरी ह्यूज यांनी १९९४ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडलं. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस निम्म्याहून अधिक तळ जिवंत प्रवाळांनी झाकलेला होता. पंधरा-सोळा वर्षांत ते प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आलं आणि मोठ्या शैवालांचं आच्छादन ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेलं. मधे दोन चक्रीवादळं आली हे खरं, पण वादळं पूर्वीही येत होती. शेवाळ खाणारे मासे बेसुमार मासेमारीनं आधीच संपले होते. सगळा भार काळ्या, लांब काट्यांच्या डायाडेमा साळूवर होता, आणि १९८३-८४ मध्ये रोगानं तो कॅरिबियनभर नव्वद टक्क्यांहून जास्त मेला. त्यानंतर कोणी चरायलाच उरलं नाही. याच्या उलट ऑस्ट्रेलियाच्या वन ट्री रीफवर १९९३ ते १९९६ या काळात शास्त्रज्ञांनी छोट्या प्रवाळ-खडकांवर मुद्दाम नायट्रोजन आणि फॉस्फरस सोडले. शेवाळ माजून प्रवाळ गाडले जातील ही अपेक्षा होती. तसं झालं नाही, कारण चरणारे शाबूत होते. मात्र प्रवाळांच्या प्रजननावर वाईट परिणाम झाला, हेही त्याच प्रयोगानं नोंदवलं. म्हणून ‘पोषकद्रव्यं कितीही असोत, गोगलगाई टाका’ असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कोणी काढू नये.

ब्रायन लापॉइंट यांच्यासारख्या संशोधकांनी ह्यूज यांचा निष्कर्ष खोडून काढण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या मते जमैकात जमिनीवरून झिरपणारी पोषकद्रव्यं हे मोठं कारण होतं. वाद अजून पुरता मिटलेला नाही, आणि दोन्ही कारणं एकत्र असू शकतात. पण हवाईच्या कानेओहे उपसागराचं उदाहरण दोघांनाही थोडं वाकवतं. तिथे सांडपाणी थेट उपसागरात जायचं आणि बुडबुड्यांसारख्या हिरव्या शैवालानं प्रवाळ झाकले होते. १९७७-७८ मध्ये सांडपाणी खोल समुद्राकडे वळवलं. पाणी सुधारलं, शेवाळ घटलं, पण गेलं नाही. काही जागी ते पुढची जवळजवळ तीन दशकं ठाण मांडून होतं. २००६ साली कित्येक आठवडे पाऊस आणि ढग राहिले, उजेड घटला, आणि मग ते झपाट्यानं ओसरलं. एकदा बस्तान बसवलेलं शेवाळ नुसतं खत बंद केल्यानं उठत नाही. खताच्या ज्या पातळीवर ते आलं तिच्या कितीतरी खाली खत गेलं तरी ते तग धरतं, आणि त्या पातळीवर प्रवाळ आधी मरतात. टाकीत नेमकं हेच होतं: केसाळ शेवाळाला उपाशी मारण्याच्या नादात आधी प्रवाळाची टोकं जातात.

दुसरा आक्षेप घाईचा आहे. औषधं आहेत की! माणसांच्या बुरशीवर दिलं जाणारं फ्लुकोनाझोल ब्रायॉप्सिससारख्या हट्टी शेवाळावर चालतं, लाल सायीवर प्रतिजैविकं चालतात, तीन दिवस टाकी झाकून अंधार केला तरी फरक पडतो. पडतो, हे मान्य. ब्रायॉप्सिसला बहुतेक जीव तोंड लावत नाहीत, तिथे औषध हाच शहाणपणा ठरू शकतो. पण मेलेलं शेवाळ जातं कुठे? जे त्यानं महिनोन्‌महिने साठवलं ते कुजून पाण्यात परत येतं आणि मोकळ्या झालेल्या दगडावर पुढचा पाहुणा बसतो. पाणी बदलण्याबद्दलही असाच गोड समज आहे. नायट्रेट ४० असताना १० टक्के पाणी बदललं तर ते ३६ होतं, एवढंच. रोज अर्धा चमचा खाद्य त्याच आठवड्यात कागदावर ११ ची भर घालतं.

आपल्याकडच्या टाक्यांचं एक खास दुखणं मात्र कोणी मोजत नाही. पंख्याखाली २०० लिटरच्या टाकीतून दिवसाला सहज तीन लिटर पाणी उडतं. मीठ मागे राहतं म्हणून भर गोड्या पाण्याची घालायची, आणि ते पाणी बऱ्याच घरांत स्वयंपाकघरातल्या आरओमधून येतं. त्या यंत्रात चव राहावी म्हणून थोडं कच्चं पाणी मुद्दाम मिसळायची सोय असते. म्हणून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ५०-६० दिसतो आणि पिणाऱ्याला ते बरंच असतं. बोअरवेल किंवा टँकरचं पाणी असेल तर नायट्रेटचा प्रश्न येतो. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं. भरीच्या पाण्यात २० जरी असलं तरी रोजच्या तीन लिटरमधून ६० मिलिग्रॅम आलं, महिन्याला टाकीत ९ ची भर. खाद्य निम्मं करून, मासे उपाशी ठेवून जे वाचवलं ते नळानं परत दिलं. टीडीएस शून्य दाखवणारं पाणी हे टाकीतलं एकमेव ठिकाण जिथे शून्याचा हट्ट शंभर टक्के योग्य आहे. दगडाचंही आपल्याकडे वेगळं दुखणं आहे. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या पाण्यातून प्रवाळी दगड उचलून आणणं हा गुन्हा आहे आणि तो गुन्हा असायलाच हवा. म्हणून इथल्या टाक्या बहुधा कोरड्या दगडावर उभ्या राहतात. तो दगड उजाड असतो, कधी जुनं फॉस्फेट पोटात घेऊन येतो, आणि त्याच्यावर स्पंज-किडे-जिवाणूंची वस्ती बसायला वर्ष लागतं. त्या वर्षात तपकिरी डायटम, मग हिरवी साय, मग थोडं केसाळ असं येत-जात राहणार. त्या काळात पाणी कोरं करणं म्हणजे नवीन वस्तीचं रेशन बंद करणं.

तिसरा आक्षेप अनुभवी लोकांचा: नायट्रेट २०, फॉस्फेट ०.२ असूनही आमची टाकी झगमगते, मग आकडे बघायचेच कशाला? त्यांच्या टाकीत काय असतं ते पाहावं. दगडभर वाढलेले प्रवाळ, जे रोज पोषकद्रव्यं ओढतात. दोन-तीन टँग, पंचवीस-तीस गोगलगाई. आणि वर्षभर फारसे न हललेले आकडे. नव्या टाकीत त्याच आकड्यांवर गवत उगवेल. बहुतेक मिश्र टाक्यांना नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मानवतं, पण ०.०८ वर महिनोन्‌महिने स्थिर असलेलं पाणी हे ०.२ आणि शून्य यांच्यात दर पंधरवड्याला झोके घेणाऱ्या पाण्यापेक्षा केव्हाही बरं.

तेव्हा हिरवं दिसलं की आधी बाही वर करा. जुन्या टूथब्रशनं घासत, बारीक नळीनं ओढत शेवाळ हातानं बाहेर काढा. बादलीत पडलेली प्रत्येक जुडी म्हणजे टाकीबाहेर गेलेला फॉस्फरस आहे, आणि तो मीटरवर कधीच दिसला नव्हता. मग भरीच्या पाण्याचा टीडीएस तपासा. मग ट्रोकससारख्या गोगलगाई आणा. टँग मात्र २०० लिटरमध्ये कोंडू नका, त्याला पोहायला लांबी लागते. आकडे वहीत महिनाभर लिहा, आणि औषधाची बाटली त्यानंतरच उघडा. मीटरनं लागोपाठ दोन आठवडे शून्य दाखवलं, तर दुकानात जाऊ नका. माशांना थोडं जास्त खाऊ घाला.